भंगारात गेलेला काळा डबा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाची पापडांची एक ऑर्डर परत आली. दुकानदार म्हणाले, "ताई, पापडाला पेट्रोलचा वास येतोय." आम्ही एक पापड भाजून पाहिला. वास खरंच येत होता. चाळीस किलो माल आणि बारा जणींची मेहनत वाया गेली. त्यातून आम्ही जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

माल न्यायला आमच्याकडे जुनी, सेकंडहँड पेट्रोल व्हॅन आहे. वास तिला आधीपासूनच होता. मालासोबत पुढे बसून जाणाऱ्या आमच्या दोघींचं डोकं दुखायचं, मळमळायचं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार ना, ताई!" शिवाय गाडीची पीयूसी होती. म्हणून आम्हीही गप्प बसलो.

तिथेच आमचं चुकलं. पीयूसीत सायलेन्सरचा धूर तपासतात. टाकीतून उडणारी वाफ त्यात मोजली जात नाही. पेट्रोल मात्र गाडी उभी असतानाही उडत असतं, उन्हात तर जास्तच.

तालुक्याच्या मिस्त्रींनी गाडी खालून पाहिली आणि विचारलं, "इथला काळा डबा कुठे गेला?" आधीच्या कुणीतरी तो "काही कामाचा नाही" म्हणून काढून टाकला होता. टाकीकडून येणारी नळी तशीच उघडी होती.

त्या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात खास तयार केलेला कोळसा असतो. असा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही करतात. त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की टाकीतली वाफ तो धरून ठेवतो. गाडी चालू झाली की एक व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन डब्यातून हवा ओढतं आणि ती वाफ इंजिनात जळून जाते. म्हणजे जे हवेत उडून जायचं, ते इंधन म्हणून कामी येतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७० सालच्या गाड्यांपासून ही सोय सक्तीची झाली, कारण पेट्रोलच्या वाफेमुळेही शहरांची हवा बिघडत होती.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते आणि एका ठिणगीनेही पेटू शकते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असतं आणि त्याने कर्करोग होऊ शकतो. हे ऐकल्यावर आम्हाला आठवलं, आमची गाडी रात्री पडवीत उभी असते आणि पलीकडेच चूल पेटते.

खर्चाचा विषय बैठकीत निघाला तेव्हा वाद झाला. "गाडी चालतेय ना? मग कशाला पैसे घालायचे?" असं काही जणी म्हणाल्या. तेव्हा आमच्या एक आजी म्हणाल्या, "पापड परत आले ते दिसले. पोरींचं डोकं दुखतं ते कुणी वहीत लिहिलं का?" त्यानंतर ठराव एकमताने झाला.

भंगारातून एक जुना डबा मिळत होता. मिस्त्रींनी तो हलवला, तर आतून काळी भुकटी पडली. ती इंजिनात गेली असती. म्हणून याच गाडीच्या मॉडेलचा नवा डबा आणला. टाकीची नळी, इंजिनकडची नळी आणि ताजी हवा घेणारं तोंड, तिन्ही आपापल्या जागी बसवलं. चिरलेल्या नळ्यांच्या जागी पेट्रोलसाठीच बनलेल्या नळ्या घातल्या. पाण्याची नळी तिथे चालत नाही, पेट्रोलने ती खराब होते. व्हॉल्व्ह तपासला. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं होतं, तेही बदललं. काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि बॅटरीची तार काढूनच केलं.

दुसऱ्या दिवशी गाडी दुपारभर उन्हात उभी करून दार उघडलं. वास नव्हता. त्यानंतर पापडांची एकही ऑर्डर वासासाठी परत आलेली नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे जुनी पेट्रोल गाडी असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. गाडीत वास आला तर आधी दारं उघडा, काडी पेटवू नका आणि गाडी मिस्त्रीला दाखवा. पंपावर पेट्रोल आपोआप थांबलं की वर आणखी भरू नका, जादा पेट्रोल डब्यात शिरून कोळसा खराब करतं. झाकण उघडताना दर वेळी जोराचा फुस्स आवाज येत असेल तर नळी तुंबली आहे का ते बघायला सांगा. आणि मिस्त्री एखादा भाग काढून टाका म्हणाला, तर तो कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर आपण तसंच पुढे काम करत नाही. गाडीतल्या वासालाही तसंच वागवायचं.