दंतवैद्य आणि माणसांचा व्यापार



दाढ ठणकू लागली म्हणजे मनुष्याला दुसरे काही सुचत नाही, आणि त्याच्या हातून कामही होत नाही. म्हणून ज्याने माणूस विकत घेऊन कामाला अगर कुकर्माला जुंपला आहे, त्यालाही कधी तरी त्याला दंतवैद्याकडे न्यावेच लागते. एरवी कोंडलेला तो जीव त्या घटकेला एका जाणत्या परक्यासमोर येतो. ती घटका वाया जाऊ नये.

दातांनी मुलांची बाजू मांडल्याचा दाखला जुना आहे. इंग्लंडात १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्याची बंदी झाली. परंतु जन्माची खात्रीलायक नोंद नसल्याने वय वाढवून सांगणे सोपे होते. १८३७ साली एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने पार्लमेंटच्या सभासदांना उद्देशून पुस्तिका लिहिली व उंचीपेक्षा दातांवरून वय अधिक भरवशाने ओळखता येते, असे दाखवून दिले.

आजही तीच दृष्टी उपयोगी पडते. बरोबरचा इसम मुलीचे वय वीस सांगतो; पण साधारण बाराव्या वर्षी येणारी कायमची दुसरी दाढ तिच्या हिरडीतून नुकतीच डोकावत असते. कोठे पुढचे दात मोडलेले असतात, जबड्याला जुनी इजा असते आणि सांगितलेले कारण तिच्याशी जुळत नाही. रोग्याला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. त्याचे आधार कार्ड दुसऱ्याच्या खिशात असते आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तो दुसराच देतो.

यांपैकी एकच खूण म्हणजे पुरावा नव्हे. दारिद्र्यानेही दात किडतात, आणि दातांवरून वयाचा केवळ अंदाज बांधता येतो. परंतु अनेक खुणा एकत्र दिसल्या, तर दंतवैद्याने सावध व्हावे. क्ष-किरण चित्र काढण्याच्या निमित्ताने सोबत्यास बाहेर बसवावे आणि रोग्याशी एकांतात, सौम्यपणे बोलावे. भाषेची अडचण असल्यास सोबत्याला दुभाषी करू नये. त्याच्याशी वादही घालू नये. त्याची शिक्षा पुढे रोग्यालाच भोगावी लागते. इजांची नोंद मात्र तारखेसह ठेवावी.

रोगी सज्ञान असेल तर शक्यतो त्याच्या संमतीनेच पुढचे पाऊल टाकावे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय असल्यास, २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या संकटात ११२ हे दूरध्वनी क्रमांक दवाखान्यातील प्रत्येकास पाठ असावेत.

भारतीय राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापारास मनाई केली आहे. ती मनाई केवळ न्यायालयात पाळली जात नाही. रोग्याचे दात तपासताना त्याच्या डोळ्यांतील भीतीकडेही ज्या दंतवैद्याचे लक्ष जाते, तोही ती पाळीत असतो.