साहित्य संमेलन आणि खेड्यातील शिक्षक



साहित्य संमेलन भरले म्हणजे अनेक शिक्षक पदरमोड करून तेथे जातात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि मंडपातून परतताना त्यांच्या हाती बहुधा लेखकाची स्वाक्षरी व एखादे छायाचित्र असते. वर्गातील मुलांकरिता काय आणले, असे विचारल्यास उत्तर सहसा मिळत नाही.

ग्रंथकारांनी एकत्र जमण्याची प्रथा मराठीत जुनी आहे. पहिले ग्रंथकार संमेलन १८७८ साली पुणे येथे न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. १८८५ च्या सभेचे निमंत्रण रानडे यांनी महात्मा फुले यांना धाडले. परंतु ज्या सभेत कष्टकरी बहुजनांच्या सुखदुःखास व हक्कांस स्थान नाही, तिच्याशी आपले जुळावयाचे नाही, अशा आशयाचे पत्र लिहून फुले यांनी ते नाकारले. ग्रंथकारांच्या सभेत कोणाचे जीवन आणि कोणाची भाषा ऐकू येते, हा प्रश्न त्या पत्राने कायमचा उभा केला.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, या प्रश्नास आणखी एक बाजू होती. निजामाच्या राजवटीत राज्यकारभार व उच्च शिक्षण उर्दूतून चाले. १९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि लगेच १९५७ साली अनंत काणेकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले. २००४ साली रा. ग. जाधव अध्यक्ष असताना ते पुन्हा येथे आले. याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालविले आणि त्याच्या वतीने लेखक-वाचक मेळावे भरविले. त्या मेळाव्यांच्या नावातच वाचकाला लेखकाच्या शेजारी जागा होती.

खेड्यातील शिक्षकाने असा शेजारी बसणारा वाचक व्हावयास पाहिजे. त्यासाठी पहिली तयारी वाचनाची. समजा, मराठवाड्यातील ग्रामीण कादंबरीवर व्याख्यान आहे. शिक्षकाने रा. रं. बोराडे यांची १९७१ सालची ‘पाचोळा’ आधी वाचलेली असावी. खेड्यातील एका शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत त्याच्या पत्नीच्या तोंडून, तिच्याच बोलीत, या कादंबरीत सांगितली आहे. हे वाचून गेलेल्या शिक्षकास व्याख्यान ऐकता ऐकता स्वतःच्या वर्गातील एखादी मुलगी आठवेल. तिने याच बोलीत उत्तर दिले, तेव्हा ‘अशुद्ध’ म्हणून तिला खाली बसविले गेले होते. त्यानंतर तिने हात वर करणे सोडले. जी बोली कादंबरीत गौरविली जाते, तीच वर्गात दटावली जाते, हे ज्या शिक्षकाच्या ध्यानी आले, त्याचे संमेलनास जाणे सार्थकी लागले.

दुसरी तयारी प्रश्नांची. निघण्यापूर्वी मुलांना विचारावे, ‘लेखक भेटले तर तुम्ही काय विचाराल?’ मुले म्हणतील, ‘गोष्ट खरी असते का? लिहिताना खाडाखोड होते का?’ त्यांतला एक प्रश्न चिठ्ठीवर मुलाच्याच शब्दांत लिहून न्यावा. सभेत संधी न मिळाल्यास व्याख्यानानंतर नम्रपणे विचारावा व उत्तर टिपून घ्यावे. पुस्तके कोणी तरी माणूसच लिहितो आणि तो आपल्या प्रश्नास उत्तर देतो, ही जाणीव ज्या मुलाला झाली, ते पुस्तकाकडे पूर्वीच्या परकेपणाने पाहणार नाही.

तिसरे काम परतल्यानंतरचे. त्या मुलीस घरच्या बोलीत एखादी हकिगत सांगावयास लावावी. ती सांगेल तशीच फळ्यावर लिहावी आणि शेजारी तीच प्रमाण मराठीत लिहावी. एकीवर फुली मारून दुसरी शिकवू नये. प्रमाण भाषेवर खेड्यातील मुलाचा पूर्ण हक्क आहे आणि ती त्याला आलीच पाहिजे. परंतु तिच्यासाठी आईची भाषा टाकावी लागते, असे त्याला वाटता कामा नये.

संमेलनाचा मंडप तीन दिवसांत उतरतो. तेथे ऐकलेले टिकावयाचे तर ते शाळेच्या फळ्यापर्यंत आले पाहिजे. त्या मुलीने पुन्हा हात वर केला, म्हणजे ते पोहोचले असे समजावे.