जुन्या ठोकळ्यांचे नगर



दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला उभारतात. सण सरला की तो मातीस मिळतो. आज आम्ही बोलणार आहोत ते पुनःपुन्हा मोडून रचता येणाऱ्या एका नगराविषयी. डेन्मार्कमधील लेगो कंपनीने १९५५ साली ठोकळ्यांचा नगररचना संच विक्रीस आणला. रस्ते छापलेल्या पटावर मुलांनी घरे व दुकाने रचावीत, अशी ती योजना होती. आरंभीचे ठोकळे आतून पोकळ असल्याने सैल बसत. १९५८ साली आत नळ्यांची योजना झाली आणि पकड घट्ट झाली. त्या बनावटीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यातही बसतो. मात्र १९६३ पूर्वीचे प्लास्टिक वाकते. म्हणून ते ठोकळे उन्हात वा गरम पाण्यात न घालता मऊ फडक्याने पुसावेत.

पुंडलिकनगरात आम्ही असे जुने संच जुळवून देतो. एका घरी दोन भावांची वाटणी झाली, तेव्हा परदेशातून आलेली ही पेटीही विभागली गेली. थोरल्याकडे पट गेला, धाकट्याकडे घरे. दोघांचाही संच अपुराच राहिला. पुढे नातवंडांच्या हट्टापायी दोघांनी आपापला वाटा आमच्या ओट्यावर आणला. बोलणे मोजकेच झाले; परंतु दिवेलागणीपर्यंत नगर पुरे उभे राहिले. आता पेटी एक वर्ष थोरल्याकडे असते, एक वर्ष धाकट्याकडे.

बंधुभगिनींनो, माळ्यावरची पेटी भंगारात घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, आणि उणा ठोकळा कोणत्या भावाच्या घरी आहे, याचीही चौकशी करावी, एवढीच आमची विनंती आहे.