किण्वातील अत्यावश्यक जनुकाची ओळख

(कोरमंगला, बंगळुरू येथे विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



येथील बेकरीत पाव फुगविणारे किण्व, म्हणजेच यीस्ट, आणि मानव यांत काय साम्य असणार? परंतु जनुकातील संदेश वाचण्याची यंत्रणा दोघांतही बव्हंशी सारखी आहे. या वाचनास प्रतिलेखन म्हणतात. ते आरएनए पॉलिमरेज हे विकर करते; त्यास योग्य जागी बसविण्याचे कार्य प्रतिलेखन घटक करतात. काही घटक अनेक उपघटकांचे बनलेले असतात.

अशा उपघटकाचे जनुक अत्यावश्यक आहे, हे ठरवावयाचे कसे? ते काढताच पेशी मरत असेल, तर अभ्यास कशाचा करावयाचा? किण्व एकगुणित व द्विगुणित अशा दोन्ही अवस्थांत वाढते, हे येथे उपयोगी पडते. द्विगुणित पेशीतील जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक नष्ट करतात. पेशी दुसरीवर जगते. नंतर तिच्यापासून झालेले चार बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली विलग करून वाढवितात. प्रत्येक वेळी दोनच वाढले आणि त्या दोघांतही मूळ प्रतच आढळली, तर जनुक अत्यावश्यक ठरते. प्लाझ्मिडद्वारे मूळ जनुक पुरविल्यावर प्रत गमावलेले बीजाणूही जगले, म्हणजे पुरावा पूर्ण होतो.

१९९२ मध्ये अमेरिकेत रॉजर कोर्नबर्ग यांच्या गटाने टीएफबी-१ हे जनुक वेगळे केले. ते प्रतिलेखन घटक 'बी'च्या ७३ किलोडाल्टन उपघटकाचे असून पेशीच्या वाढीस अत्यावश्यक आढळले. त्याच्या प्रथिनाचे मानवी प्रथिनाशी साम्यही दिसले. हाच घटक पुढे टीएफ-टू-एच म्हणून ओळखला गेला. तो डीएनएची दुरुस्तीही करतो; मानवात त्याच्या काही उपघटकांतील दोषांमुळे झिरोडर्मा पिग्मेंटोझम हा आजार होतो. अशा रुग्णाच्या त्वचेस सूर्यप्रकाश सोसत नाही व कर्करोगाचा धोका फार वाढतो. प्रतिलेखनाच्या संशोधनाबद्दल कोर्नबर्ग यांना २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. पराग साधले यांच्या गटाने पॉलिमरेजच्याच आरपीबी-४ व आरपीबी-७ या उपघटकांचा अभ्यास केला. आरपीबी-७ वाचून किण्व जगत नाही. आरपीबी-४ वाचून ते सामान्य तापमानास जगते, परंतु अधिक उष्णता त्यास सोसत नाही. म्हणून 'अत्यावश्यक' हा शब्द परिस्थितीचा उल्लेख केल्याविना अपुरा आहे.

किण्वाचा संपूर्ण जनुकक्रम १९९६ मध्ये उलगडला. त्याच्या सुमारे ६,००० जनुकांपैकी जवळजवळ एक-पंचमांश जनुके पोषक माध्यमातही अत्यावश्यक आहेत. उत्तर लिहिताना केवळ 'हे जनुक महत्त्वाचे आहे' एवढे लिहून थांबू नका. ते कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या पुराव्याने सिद्ध झाले, हेही लिहा.