खुंटा एक, हात दोघांचे

मला एकच गोष्ट सांगायची आहे: जाहिरात संस्थेत कॉपी, म्हणजे मजकूर, लिहिणारा आणि चित्र मांडणारा, दोघांनी कामाच्या पहिल्या तासापासून एकत्र बसलं पाहिजे.

१९४९ साली न्यूयॉर्कमध्ये नेड डॉइल, मॅक्सवेल डेन आणि बिल बर्नबॅक यांनी जाहिरात संस्था काढली. नाव ठेवलं डॉइल डेन बर्नबॅक. आडनावांमध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. डॉइलनी ग्राहक सांभाळायचे, डेननी पैसा आणि कारभार, बर्नबॅकनी जाहिराती. ग्रे नावाच्या जुन्या संस्थेतून त्यांच्याबरोबर आर्ट डायरेक्टर, म्हणजे चित्र मांडणारे, बॉब गेज आले, कॉपीरायटर फिलिस रॉबिन्सन आल्या.

तोवरची रीत अशी, की लेखकानं मजकूर टाइप करून पाठवायचा आणि चित्रकारानं त्याला चित्र जोडायचं. बर्नबॅकनी दोघांना एका खोलीत बसवलं. एवढंच केलं, पण या एवढ्याशा गोष्टीनं सगळा धंदा बदलला.

हे जात्यावरच्या दळणासारखं आहे. जात्यावर दोघी बायका समोरासमोर बसतात. खुंटा एकच, हात दोघींचे. एकीचा हात दमला तर दुसरीच्या जोरावर जातं फिरत राहतं. ओवी एकीनं सुरू करायची, दुसरीनं उचलायची. पीठ पडल्यावर त्यात माझं किती आणि तुझं किती, हे कोण निवडणार? आणि आपल्या कचेऱ्यांत काय होतं? एकीनं एकटीनं भरडायचं, डबा दुसरीकडे पाठवायचा, तिनं नुसतं चाळत बसायचं. मग भाकरी थापताना चिरते, तेव्हा दोष कोणाला द्यायचा?

डॉइल डेन बर्नबॅकनीच केलेली १९५९ सालची फोक्सवॅगन मोटारीची जाहिरात पाहा. आर्ट डायरेक्टर हेल्मुट क्रोन, कॉपी ज्युलियन केनिग यांची. अमेरिकेत लांबलचक, पंखवाल्या मोटारींची चलती होती. इथे पान जवळजवळ कोरं, वर डाव्या बाजूला एवढीशी गाडी आणि खाली दोन शब्द: थिंक स्मॉल, म्हणजे छोटा विचार करा. नुसते शब्द वाचले तर कशाबद्दल आहे ते कळत नाही. नुसतं चित्र पाहिलं तर छापखान्याची चूक वाटेल. दोन्ही एकत्र आल्यावरच गाडी दिसते. १९९९ साली अ‍ॅडव्हर्टायझिंग एज या साप्ताहिकानं विसाव्या शतकातल्या जाहिरात मोहिमांमध्ये फोक्सवॅगनच्या या मोहिमेला पहिला क्रमांक दिला.

मी पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं. लोक म्हणतात, हल्ली आमच्याकडेही सगळे एकत्रच बसतात. बाबांनो, एका दालनात बसणं वेगळं आणि एका कामाला बसणं वेगळं! मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा आणि मग संध्याकाळी चित्रकाराला हाक मारायची, याला सहकार्य म्हणू नका.

आपल्या मुंबईतही १९६६ साली जाहिरातकार सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस या जोडीनं अमूलच्या जाहिरातींतली ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी घडवली.

संस्था चालवणाऱ्यांना आणि उपयोजित कला शिकवणाऱ्यांना एक विनंती. पुढचं काम येईल तेव्हा ब्रीफ, म्हणजे कामाची माहिती, दोघांच्या हाती एकाच वेळी द्या, आणि पहिली कल्पना कोणाची होती हे विचारू नका.