गॅसच्या गावात आपले स्वागत



परिषदेच्या स्वागताध्यक्षाने यजमान गावाची थोरवी सांगायची, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. न्यूहॅमच्या बाबतीत तो पाळणे जरा अवघडच. इथे ना किल्ला, ना लेणी, ना संताची समाधी. आपल्यापैकी बहुतेकांना हा भाग माहीत आहे तो ईस्ट हॅमच्या भाजीसाठी आणि ग्रीन स्ट्रीटवरच्या साड्या-दागिन्यांसाठी. तरीही गॅस इंजिनिअर, घरमालक आणि भाडेकरू यांना एका सभागृहात बसवायचे, तर लंडनमध्ये याहून योग्य जागा मला तरी दिसत नाही.

इथून थोड्याच अंतरावर बेक्टन आहे. गॅस लाइट अँड कोक कंपनीने १८७० मध्ये तिथे कोळशापासून गॅस तयार करायला सुरुवात केली आणि पुढे तो युरोपातला सर्वांत मोठा गॅस कारखाना ठरला. कंपनीचे गव्हर्नर सायमन बेक यांच्यावरून सगळ्या वस्तीलाच बेक्टन नाव पडले. भट्टीवरचे कामगार बारा-बारा तास राबत. विल थॉर्न हा तिथलाच एक भट्टीवाला. १८८९ मध्ये त्याने गॅस कामगारांची संघटना उभी केली आणि आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. त्याचे लिहिणे-वाचणे सुधारायला मदत केली ती कार्ल मार्क्सच्या धाकट्या मुलीने, एलिनॉरने. हाच थॉर्न १९०६ मध्ये वेस्ट हॅममधून खासदार झाला. आपल्या लालबागला अजून गॅस कंपनी लेन आहे, तिथे ज्यांचे बालपण गेले त्यांना या इतिहासाचा वास ओळखीचा वाटेल.

मात्र आजच्या विषयाचा धागा जुळतो तो कस्टम हाउसजवळच्या रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीशी. १६ मे १९६८ ची पहाट, पावणेसहाची वेळ. अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहा ठेवायला काडी ओढली आणि रात्रभर साचलेल्या गॅसचा स्फोट झाला. त्या स्वतः वाचल्या. पण इमारत मोठमोठे काँक्रीटचे तयार तुकडे एकमेकांवर रचून उभी केलेली. कोपऱ्याची भिंत बाहेर फेकली गेली, वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचे. चार माणसे गेली, सतरा जखमी झाली. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. चौकशीत गॅस सुटण्याचे कारण सापडले: शेगडीच्या जोडणीतला एक निकृष्ट पितळी नट.

इमारत का कोसळली यावर इंजिनिअरिंगच्या कॉलेजांत आजही शिकवले जाते. आम्हा गॅस इंजिनिअरांच्या धंद्यावर परिणाम झाला तो त्या नटाचा. त्याच काळात देशभर कोळशाच्या गॅसऐवजी उत्तर समुद्रातला नैसर्गिक गॅस येत होता आणि घराघरातल्या शेगड्या-हीटरचे बर्नर बदलले जात होते. या सगळ्याला हात लावणारा माणूस कोण, त्याला काम येते का, हे विचारणारी यंत्रणाच नव्हती. १९७० मध्ये गॅसची कामे करणाऱ्यांची नोंदणी ठेवणारी ‘कॉर्गी’ ही संस्था निघाली. तेव्हाच्या राणीच्या लाडक्या कुत्र्यांच्या जातीचेही हेच नाव असल्यामुळे ते लोकांच्या तोंडी चटकन बसले. पण नोंदणी ऐच्छिक होती. ज्याला चांगले काम करायचे तो नाव नोंदवी, ज्याला नको तो स्पॅनर घेऊन तसाच फिरे. ती सक्तीची व्हायला १९९१ उजाडले. मधली एकवीस वर्षे सरकारने कशाची वाट पाहिली, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

१ एप्रिल २००९ ला कॉर्गीचे हे काम संपले आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये ‘गॅस सेफ रजिस्टर’ सुरू झाले. उत्तर आयर्लंडमध्ये ते एका वर्षाने आले. आरोग्य व सुरक्षा खात्याने आधी घरगुती गॅस सुरक्षेचा आढावा घेतला, मग निविदा मागवल्या आणि कॅपिटा या कंपनीला दहा वर्षांचे कंत्राट दिले. आम्हा कारागिरांत तेव्हा कुरकूर फार झाली आणि ती अगदीच फुकाची नव्हती. कार्ड नवे, व्हॅनवरचे चिन्ह नवे, बिलांचे छापील पॅड नवे, आणि खर्च सगळा आमच्या खिशातून. शिवाय जवळजवळ चाळीस वर्षे गिऱ्हाइकाच्या मनात बसलेले नाव एका दिवसात कचऱ्यात. माझ्याकडे दोन्ही कार्डे होती. नव्या पिवळ्या त्रिकोणाकडे पाहून ‘पण तुम्ही कॉर्गी आहात ना?’ असे विचारणाऱ्या आजीबाई मला पुढे कित्येक वर्षे भेटत राहिल्या.

तरी माझे मत विचाराल तर बदल योग्यच होता. नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेच्या समूहाने त्याच कारागिरांना सामान विकण्यासाठी दुकानही मांडावे, हे मला कधी पटले नाही. परीक्षकाने परीक्षेच्या हॉलबाहेर गाइड विकायला बसू नये. नव्या व्यवस्थेत नोंदवही ठेवणे, कामांची अचानक तपासणी करणे आणि लोकांना सावध करणे हीच मुख्य कामे उरली. कंत्राट मुदतीचे असल्यामुळे ते चालवणाऱ्यालाही परीक्षेला बसावे लागते, हेही बरेच म्हणायचे.

आता मुद्द्याचे बोलतो. या व्यवस्थेचा निम्मा भाग इंजिनिअरच्या हातात आहे. दर पाच वर्षांनी त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागते, दरवर्षी नोंदणी नवी करावी लागते. उरलेला निम्मा भाग दार उघडणाऱ्याच्या हातात आहे, आणि आपली मराठी मंडळी तिथेच कमी पडतात. आपल्याला ‘ओळखीचा माणूस’ लागतो. भावे काकूंकडे ज्याने नळ बदलला, तोच आपल्याकडे बॉयलर बसवतो. माणूस सज्जन असतो, पैसे कमी घेतो, वर मराठीत बोलतो! पण नळाचे पाणी गळले तर फरशी ओली होते. बॉयलरच्या धुराचा पाइप नीट बसला नाही, तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळणाऱ्या गॅसचा वास तरी येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडने डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि आपण म्हणतो, फ्लू झाला असेल. पुण्या-मुंबईच्या बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने घेतलेले बळी आपण वर्तमानपत्रात वाचत आलो आहोत. मारेकरी तोच, फक्त इथे त्याला बॉयलरच्या कपाटात जागा मिळते.

म्हणून कार्ड मागा, आणि मागितल्यावर ते उलटून पाहा. पुढच्या बाजूला फोटो, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. पण खरी माहिती पाठीमागे. या माणसाला नेमके कोणते काम करता येते, याची यादी तिथे छापलेली असते. कोणाला शेगडी येते पण बॉयलर नाही. कोणाला नैसर्गिक गॅस येतो पण सिलिंडरवरचा नाही. पुढची बाजू पाहून समाधान मानणारे गिऱ्हाईक मी रोज पाहिले. मागची बाजू वाचणारे क्वचितच भेटले. कार्ड मागितले म्हणून चांगला इंजिनिअर कधी रागावत नाही. जो रागावेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

सभागृहात घरमालक पुष्कळ दिसत आहेत. आपल्या आयटीतल्या मुलांनी इथे दुसरे, तिसरे घर घेऊन भाड्याने दिले आहे, याचा अभिमान वाटतो. पण घरात भाडेकरू आला की दर वर्षाला गॅसची तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तिचा दाखला अठ्ठावीस दिवसांत भाडेकरूच्या हातात पडला पाहिजे. एजंट या दाखल्याला अजून ‘सीपी १२’ म्हणतात. त्यातला ‘सी’ कॉर्गीचा. संस्था गेली, तिच्या फॉर्मचा नंबर मात्र बाजारात टिकून आहे. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बॉयलर किंवा गॅस फायर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणेही मालकाचीच जबाबदारी झाली आहे. भाडेकरू आपल्याच गावचा आहे, पोरगा आपलाच आहे, म्हणून यात सूट नाही. उलट आपलाच असेल तर जास्त काळजी घ्या.

हीट पंप येणार आणि गॅस जाणार, मग ही चर्चा कशाला, असे काही तरुण मला काल म्हणाले. दुपारच्या सत्रात त्यावर जाणकार बोलतीलच. मी एवढेच सांगतो की हीट पंपासाठी जुना बॉयलर काढायचा, तर त्याचा गॅस बंद करून नळी सील करायलाही नोंदणीकृत इंजिनिअरच लागतो. तेव्हा आमच्या पोटावर इतक्यात पाय येत नाही.

जेवणात पुरणपोळी आहे आणि ती गॅसवरच भाजली आहे. स्वयंपाकघरातली जोडणी आज सकाळीच रीतसर तपासून घेतली आहे. स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो. प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर गॅस गळतीसाठीचा चोवीस तासांचा नंबर आहे, ०८०० १११ ९९९. तो घरी जाऊन नव्हे, आत्ताच फोनमध्ये साठवून घ्या.