कोटणीस चिनी शिकले तेव्हा



डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढलं की शांतारामबापूंचा १९४६ सालचा चित्रपट आठवतो आणि त्यांचा अकाली मृत्यू आठवतो. मृत्यूबद्दल पुष्कळ बोलून झालं आहे. आज मला त्यांच्या शिकण्याबद्दल बोलायचं आहे.

पूर्वपीठिका आपल्याला ठाऊक आहे. जपानने चीनवर आक्रमण केलं, सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषबाबू होते. १९३८च्या सप्टेंबरात पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अटल हे प्रमुख. नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी आणि आपल्या सोलापूरचे २७ वर्षांचे कोटणीस. चुंगकिंगला पाचही जणांना चिनी नावं मिळाली, कोटणीस ‘के तिहुआ’ झाले. त्याच शहरात वडील गेल्याची बातमी त्यांना कळली. परत यायला याहून सबळ कारण कुठलं? पण ते पुढे येनानला गेले.

येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा. राहणं त्यांत, इस्पितळही त्यांत. खायला मुख्यतः राळा. आपल्याकडे राळा कधीमधी ताटात येतो, तिथे तो रोजचा. थंडी हाडं गोठवणारी. पण या गोष्टींची शरीराला सवय होते. खरी अडचण भाषेची.

चिनीत एकच उच्चार चार सुरांत म्हणता येतो आणि सुरागणिक अर्थ बदलतो. आपल्या कानाला आवाजाचा चढउतार म्हणजे राग किंवा लाडीगोडी, त्यामुळे हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. आता जखमी शिपाई टेबलावर आहे असं समजा. आपल्याकडचा रोगी सांगतो, ठणकतंय. दुसरा म्हणतो, चमक मारते. तिसरा, आग होते. चौथा, मुंग्या येतात. डॉक्टरला यातला प्रत्येक शब्द वेगळ्या जागी घेऊन जातो. ठणका म्हटला की पू झाला असेल, मुंग्या म्हटल्या की नस दुखावली असेल. वैद्यक न शिकलेला दुभाषा या चौघांचं मिळून एकच सांगण्याचा संभव असतो: दुखतंय. करुणेला भाषा लागत नाही असं आपण फार सहज म्हणतो. उपचाराला लागते.

कोटणीस चिनी बोलायला शिकले, नंतर लिहायलाही. १९४०मध्ये ते उत्तर चीनच्या सीमाप्रदेशात, शत्रूच्या पिछाडीला गेले. कॅनडाचे डॉ. बेथ्यून तिथे जखमींची सेवा करतानाच आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख म्हणून १९४१च्या जानेवारीत कोटणीसांची नेमणूक झाली. तिथल्या वैद्यकीय शाळेत ते चिनीतून शिकवत आणि त्यांनी शल्यचिकित्सेचं पुस्तकही चिनीतच लिहायला घेतलं. मला ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. शस्त्रक्रियेने एक माणूस वाचतो. विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवली, तर आपण गेल्यावरही हात चालू राहतात. त्याच वर्षी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२.

त्यांचे सहकारी बसू भारतात परतले, पण चीनशी नातं तोडलं नाही. पुढे ते पुन्हा तिकडे गेले आणि ॲक्युपंक्चर शिकून आले. मदत द्यायला गेलेला डॉक्टर विद्यार्थी होऊन परत गेला, याचा मला फार आदर वाटतो.

आज आपली मुलं-मुली वैद्यकीय सेवेसाठी परदेशी जातात. जाण्याआधी लस टोचून घेतात, औषधांच्या पेट्या भरतात. माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे की त्याच तयारीत काही महिने भाषेसाठी काढा. आधी दुखण्याचे शब्द शिकवा, मग खाण्यापिण्याचे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हाक कशी मारायची ते. सुरुवात सोलापुरातूनच करता येईल.